पहिला बॉक्स : अंघोळ

२ फेब्रुवारी

डायरी मागच्या वर्षीची आहे. टायर कंपनीने डेपोला भेट दिलेल्यांपैकी उरलेली. वार जुळत नाहीत. तेव्हा वार लिहायचेच नाहीत. प्रश्न मिटला.

नवीन पान उघडलं की आधी हातातली शिल्लक लिहायची, ही आमच्या स्टोअरची पद्धत. शिल्लक अशी : घर एक, दोन खोल्या. मुलगी एक, सात वर्षांची, लाडाचं नाव गुंडी. ऑटिझम आहे, तोंडाने बोलत नाही. टॅबलेट एक, निळ्या रबरी कव्हरचा, एक कोपरा तडकलेला. त्यात बोलायचं अ‍ॅप. चित्रांच्या चौकोनावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द बोलतो. गुंडी त्यावर बोलते. निदान बोलायची.

बायको जाऊन पाच महिने झाले. (इथे तिला ‘ही’ लिहीन. तोंडात तेच बसलं आहे.) टॅबलेटचं सगळं ही बघायची. मी त्यात कधी पडलो नाही.

लोक अजून माझ्याशी हळू आवाजात बोलतात. काही कारण नाही. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, डेपोला वेळेवर पोचतो. माझ्या एकूण एक शर्टांचं वरून दुसरं बटण तुटलं आहे, एवढंच. ते गुंडी पिळते. खूश असली की मांडीत बसून पिळत राहते. नाव त्यावरूनच पडलं.

शाळेत २७ तारखेला आढावा आहे. गुंडी टॅबलेटवर काही सांगते असं दिसलं, तर पुढच्या वर्षीही शिकवायच्या वर्गात. नाहीतर मागच्या इमारतीत. तिथे मुलांना सांभाळतात. चांगलं सांभाळतात म्हणे. पण सांभाळतातच फक्त.

हातात जवळजवळ महिना आहे. वीस वर्षं बस डेपोचं स्टोअर चालवलं. एक टॅबलेट चालवता येणार नाही?

३ फेब्रुवारी

संकल्प. सहाला उठणे. गुंडीचं आवरून तिला शाळेच्या गाडीत बसवणे. संध्याकाळी सात ते साडेसात टॅबलेटचा अभ्यास, काही झालं तरी. आवाज न चढवणे. शर्टांना बटणं लावणे.

४ फेब्रुवारी

सातला उठलो. गाडी चुकली. आवाज चढला. बटणं उद्या.

५ फेब्रुवारी

अभ्यासासाठी तीन अ‍ॅप उतरवून घेतले. एकात आकार जुळवायचे. एकात टायमर, लाल चकती हळूहळू संपते, म्हणजे मुलाला वेळ कळतो. एकात चांगलं वागलं की तारे मिळतात.

गुंडीला टायमर आवडला. चकती संपताना नाकाजवळ नेऊन बघते, संपली की परत लावते. टायमर कशासाठी लावायचा हे सांगायला वेळच मिळाला नाही. पाऊण तास टायमरच चालू होता.

तारे सगळे मला मिळाले.

६ फेब्रुवारी

आकार जुळवण्याच्या अ‍ॅपमध्ये मी बाराव्या पायरीवर. गुंडी पहिल्या. बरोबर जुळलं की त्यातली बाई किंचाळून शाब्बास म्हणते, त्याला घाबरून गुंडी मुद्दाम चुकवते. मूल बुद्धिमान आहे, यात शंका नाही.

७ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा बोलायचं अ‍ॅप नीट बघितलं. थक्क झालो.

हिच्यासारखी टापटिपीची बाई, आणि हा पसारा! पहिला बॉक्स ‘आई’. त्याच्या शेजारी ‘पुन्हा’. मग ‘दूध’, ‘झोका’, ‘उघड’, ‘संपलं’. शेवटच्या कोपऱ्यात ‘नको’. कशाचा कशाला मेळ नाही. ‘बाबा’ शोधायला दोन मिनिटं लागली. खालच्या ओळीत, चार्जिंगच्या भोकापाशी, ‘चप्पल’ आणि ‘पंखा’ यांच्या मधे.

असो. मनाला लावून घेत नाही.

पण अशा पसाऱ्यात पोरीला शब्द सापडणार कसे? मला सापडत नाहीत. रविवारी हे मार्गी लावायचं.

९ फेब्रुवारी

लावलं. पाच तास लागले. मधे गुंडीला ब्रेड-दूध दिलं, एवढा वेळ सोडून उठलो नाही. सगळे बॉक्स अक्षरानुसार. पहिला ‘अंघोळ’, मग ‘उघड’, असं करत शेवटच्या कोपऱ्यात ‘हो’. ‘बाबा’ आता सन्मानाने मधल्या ओळीत. डोळ्यांना गार वाटतं बघून.

‘आई’ हा बॉक्स तूर्त काढून ठेवला. उगाच गोंधळ नको. गुंडीचा.

आवाजही बदलला. सगळे शब्द हिने स्वतःच्या आवाजात भरले होते. त्यामुळे हिचा आवाज घरात केव्हाही, कुठूनही येतो. मी दाढी करतोय आणि मागून ही ‘चप्पल’ म्हणते. मुलांच्या एकाग्रतेवर याचा परिणाम होत असावा. आता मशीनचा आवाज लावला आहे. अगदी स्वच्छ. फलाटावर गाडी लागत असल्यासारखी ती बाई म्हणते, अंघोळ.

आढाव्याला शाळेतल्या स्पीचच्या, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या, बाई खूश होतील. सध्या त्या पंधरा दिवस रजेवर आहेत. बरंच झालं. आल्या की एकदम तयार काम दाखवीन.

१० फेब्रुवारी

यश!

संध्याकाळी गुंडीने घरात शिरल्या शिरल्या टॅबलेट ओढला आणि पहिला शब्द दाबला : अंघोळ. स्वतःहून. परत दाबला, परत दाबला. मी तिच्या शाळेच्या वहीत ‘स्वतःहून मागणी केली’ असं लिहून पाठवलं.

अंघोळ घातली. फार रडली. साबण डोळ्यात गेला असावा.

११ फेब्रुवारी

सकाळी अंघोळ मागितली. घातली. मी डेपोतून आल्यावर मागितली. घातली. जेवायच्या आधी परत. प्रत्येक वेळी बाथरूमच्या दारात दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवते आणि किंचाळते. मागायची आणि मग नाही म्हणायचं, हा स्वभाव कुठून आला माहीत नाही. आमच्या घराण्यात नाही.

स्वच्छतेची आवड मात्र आईची.

१२ फेब्रुवारी

आज दोन शब्दांचं वाक्य!! ‘अंघोळ. उघड.’

म्हणजे नळ उघड. मी इतका आनंदलो की डेपोत फिटरला सांगितलं. हा फिटर माझ्या खिडकीवर सुटे भाग न्यायला येतो आणि तिथेच तासभर गप्पा मारतो. त्याला मूलबाळ नाही, पण मत प्रत्येक विषयावर असतं. म्हणाला, स्टोअरसाहेब, एवढी अंघोळ माझा मेहुणा वर्षात करत नाही. पोरगी पुढे जाणार.

नळ उघडल्यावर तिने माझ्या दंडाला चावा घेतला.

१३ फेब्रुवारी

डेपोत नवीन साहेब आले. मुख्य कार्यालयातून. खिशात लेबलांचं मशीन घेऊन फिरतात. माझ्या खुर्चीलाही लेबल लावलं : खुर्ची. त्यांना इथे लेबलसाहेब म्हणेन.

स्टोअर बघून म्हणाले, हा काय पसारा. मी म्हणालो, साहेब, पसारा नाही. जे रोज लागतं ते खिडकीशी, जे महिन्याने लागतं ते मागे. फॅन बेल्ट पहिल्या खणात, कारण सकाळी आलेला पहिला माणूस फॅन बेल्टच मागतो. ते म्हणाले, पण बाहेरच्या माणसाला कसं कळायचं?

बाहेरच्या माणसाला कशाला कळायला हवं?

१५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत गुंडी त्यांच्याकडे असते, म्हणून त्यांना काही बोलता येत नाही. म्हणाल्या, भाऊ, राग मानू नका, पण पोरीला काय धोबीघाटावर ठेवलंय का? आमच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. शिवाय ती शिंकतेय.

मी समजावलं, काकू, तीच मागते. त्यांनी टॅबलेटकडे बघितलं आणि म्हणाल्या, माझा नातू विमान मागतो.

गुंडीला ताप नाही. फक्त नाक. औषध आणलं. ‘औषध’ बॉक्स आता पहिल्याच ओळीत आहे, पटकन सापडला. हा अक्षरांचा फायदा.

१६ फेब्रुवारी

नाक वाहतंय तेव्हा अंघोळ बंद. तिला स्पष्ट सांगितलं. तरी दिवसभर दाबत होती. अंघोळ, अंघोळ, अंघोळ उघड, अंघोळ उघड. शेवटी मी टॅबलेटचा आवाज बंद केला. मग ती बोट ठेवायची आणि कान टॅबलेटला लावायची. मग माझ्याकडे बघायची. मग परत बोट.

हट्टीपणा. आढावा जवळ आला आहे आणि हिला अंघोळीचं वेड लागलं आहे. (हिला म्हणजे गुंडीला.)

१८ फेब्रुवारी

लेबलसाहेबांनी स्टोअर हलवलं. मी काल गुंडीच्या सर्दीची रजा घेतली होती, ती संधी साधली. आज गेलो तर सगळं अक्षरानुसार.

अक्षरानुसार! बसची इंजिनं काय अक्षरानुसार बंद पडतात?

खिडकीशी पहिल्या खणात, जिथे वीस वर्षं फॅन बेल्ट, तिथे आता लोखंडी अँगल. नटबोल्ट शिडीवर. मागच्या अंधारात वॉशर, शेवटी हातमोजे. मी विचारलं, साहेब, हे कोणाच्या सोयीसाठी? म्हणाले, बघा ना, डोळ्यांना किती गार वाटतं.

संतापाने घास उतरला नाही. ज्याला या खिडकीवर एक दिवस उभं राहायचं नाही, त्याने येऊन दुसऱ्याच्या हाताखालच्या वस्तू हलवायच्या! विचारायचं तरी. काम करणारा माणूस डोळ्यांनी शोधत नाही, हात जातो. हात जातो तिथे वस्तू हवी. ही साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये?

घरी आलो तर गुंडीने टॅबलेट सोफ्याखाली ढकलला होता. काढून दिला. परत ढकलला.

१९ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. ती दर आठवड्याला करते आणि पहिला प्रश्न एकच : भाऊजी, जेवलात का? जेवलो म्हटलं. काय, विचारलं. ब्रेड म्हटलं.

मग मागे टॅबलेट बोलला, अंघोळ. मेहुणी म्हणाली, हे कोण? मी म्हटलं, मशीन. तिने विचारलं, आणि ताईचा आवाज? मी म्हटलं, बदलला, उच्चार स्वच्छ हवेत. ती म्हणाली, भाऊजी, तुम्हाला उच्चारांचं कधीपासून पडलं? तुम्ही स्वतः दिवसाला चार शब्द बोलता, त्यातले दोन ‘हं’.

मी हं म्हटलं.

मग म्हणाली, तुम्हाला झेपत नसेल तर गुंडीला काही दिवस माझ्याकडे पाठवा. मी म्हटलं, सगळं व्यवस्थित चालू आहे. दोन शब्दांची वाक्यं करते. तिने विचारलं, कोणती? मी सांगितली. मेहुणी हसली नाही. इतर वेळी हसते.

२० फेब्रुवारी

डेपोत फिटरने ब्रेक शू मागितला, मी बादली दिली. फिटर खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आता बस थांबवायची तर ड्रायव्हरने खिडकीतून बादली टाकायची काय?

लोक हसले. माझ्यावर. लेबलसाहेबांवर हसायला हवं होतं.

लेबलसाहेबांना अर्ज लिहायला घेतला. ‘सदर बदलामुळे वीस वर्षांची हाताची सवय निरुपयोगी ठरून...’ पुढे सुचलं नाही. उद्या.

२१ फेब्रुवारी

गुंडी टॅबलेट हातात घेत नाही. काही मागायचं असलं की माझं मनगट धरून ओढते. फ्रिजपर्यंत, दारापर्यंत, कपाटापर्यंत. दोन वर्षांपूर्वी असं करायची, टॅबलेट यायच्या आधी. काय हवं ते कळलं नाही की स्वतःचाच हात चावते. आज दोनदा.

कपाटापर्यंत का ओढते कळत नाही. तिथे हिचे कपडे आहेत. गुंडीचं त्यात काही नाही.

बटण पिळायलाही येत नाही. मी काल मुद्दाम एका शर्टाला नवीन लावलं होतं.

कारणं : एक, स्क्रीनगार्ड खराब असणार. दोन, मशीनचा वेग कमी करायला हवा. तीन, काही मुलांना टॅबलेट मानवतच नाही, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

२२ फेब्रुवारी

स्क्रीनगार्ड बदलला. फरक नाही. दुकानदार म्हणाला, काच उत्तम आहे, वापरणाऱ्याचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं, ती सात वर्षांची आहे. तो म्हणाला, तिचं नाही म्हणत.

उद्धट माणूस.

२३ फेब्रुवारी

आढाव्याची रंगीत तालीम. गुंडीला समोर बसवून तिच्यापुढे टॅबलेट ठेवला. मी बाई झालो. चष्मा नाकावर घेतला.

विचारलं, दूध हवं? गुंडीने शेवटच्या कोपऱ्यात बोट नेलं : हो. दिलं. पेला लोटून दिला. विचारलं, झोपायचं? हो. झोपवलं. उठून बसली. विचारलं, अंघोळ? हो! हो! हो! बोट कोपऱ्यातून निघेना. आणि डोळ्यांत हे एवढं पाणी.

मी तिला जरा जोरात म्हणालो, हो म्हणतेस आणि रडतेस, एक काहीतरी कर.

तालीम बंद केली. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. मी टायमर लावून दिला. बघितला नाही.

लिहून ठेवतो : टॅबलेट तिला जमणार नाही, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. मी माझ्याकडून सगळं केलं. मागच्या इमारतीत झोका आहे म्हणतात.

२५ फेब्रुवारी

सकाळी साडेसात, डेपो. एक बस रस्त्यातच बंद पडलेली. फिटर धावत आला, फॅन बेल्ट. माझा हात पहिल्या खणात गेला. अँगल. ठेवला. तो म्हणाला, बेल्ट हो. हात गेला, अँगल. तो ओरडला, परत तेच? मी म्हटलं, मला माहीत आहे तिथे नाही ते. आणि हात परत तिथेच गेला. मी अँगल फेकला. भिंतीवर आदळला.

फिटर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, अहो, तुम्हाला कोणी काही म्हणत नाहीये. हात जुन्या घरी जातो, त्याला काय करणार?

मी म्हटलं, मग मला हवाय बेल्ट आणि

इथे वाक्य अर्धं राहिलं. तिथेही अर्धंच राहिलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. गुंडी शाळेत. टॅबलेट सोफ्याखालून काढला. पहिल्या बॉक्सवर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग शेवटच्या कोपऱ्यातल्यावर.

पहिला होता ‘आई’. दुसरा ‘पुन्हा’. शेवटचा ‘नको’.

ती रोज तेच दाबत होती. मी रोज अंघोळ घालत होतो.

२५ फेब्रुवारी, दुपारी

सगळं होतं तसं लावायला बसलो. जमेना. पहिले दोन आणि शेवटचा आठवतात, बाकीचे कुठे होते? ‘झोका’ डावीकडे होता की उजवीकडे? पाच तास लावून मोडलं आणि ते आधी कसं होतं हे एकदाही लिहून ठेवलं नाही. स्टोअरमध्ये साधा खिळ्यांचा डबा हलवायचा तरी मी आधी खडूने खूण करतो.

हिच्या आवाजाचं काय झालं, तेही माहीत नाही. मशीनचा आवाज लावताना अ‍ॅपने काहीतरी विचारलं होतं. मी ‘होय’ दाबलं होतं. काय विचारलं होतं ते वाचलं नव्हतं.

गुंडीला खालून आणलं. तिला सांगायचं होतं काहीतरी. ‘माफ कर’ असा बॉक्स आमच्याकडे नाही.

२६ फेब्रुवारी

स्पीचच्या बाई रजेवरून आल्या. शाळेत फोन केला. बोलायचं पाठ केलं होतं : सॉफ्टवेअरमध्ये काही तांत्रिक अडचण उद्भवली आहे. प्रत्यक्षात म्हणालो, बाई, मी बॉक्स हलवले.

 बाईंनी विचारलं, सगळे? मी म्हटलं, अक्षरानुसार. त्या म्हणाल्या, अरे देवा. मग म्हणाल्या, उद्या टॅबलेट घेऊन या. तिची आई काहीही बदललं की एक प्रत मला देऊन जायची. म्हणायची, घरात एक स्टोअरवाला आहे, कधी काय आवरायला घेईल सांगता येत नाही.

म्हणजे ही माझी चेष्टा बाहेर करत होती. वर्षानुवर्षं. शाळेत.

रात्री शांत झोप लागली.

२७ फेब्रुवारी

आढावा. मी भाषण तयार करून गेलो होतो, दोन पानी. बाईंनी टॅबलेट घेतला, वायर लावली, आणि मी पहिलं पान उघडेपर्यंत काम झालं होतं.

गुंडी लांब, खिडकीशी. टॅबलेटकडे पाठ. बाईंनी तो नुसता बाकावर ठेवला आणि बोलावलं नाही. बराच वेळ कोणीच काही केलं नाही. मला हे असह्य होतं. मी दोनदा उठलो, बाईंनी दोनदा बसवलं.

मग गुंडी आली. न बघता, जाता जाता, कोपऱ्यावर बोट ठेवलं.

‘नको.’ हिच्या आवाजात. हिचा तो खास ‘नको’, शेवटी जरा वर जाणारा, मी बाजारातून जास्तीचं काही आणलं की यायचा तसा.

गुंडी थांबली. परत दाबलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुढची वीस मिनिटं बाईंनी जे काही विचारलं, त्या सगळ्याला नको म्हणाली. ठोकळे? नको. चित्र? नको. गाणं? नको. पाणी? नको. प्रत्येक नको बरोबर लागला. मी मनात म्हटलं, गेलो मागच्या इमारतीत.

बाई लिहीत होत्या. वर बघून म्हणाल्या, किती स्पष्ट बोलते. शिकवायच्या वर्गात राहील.

मग पेन माझ्याकडे करून म्हणाल्या, तुम्ही मात्र दर शनिवारी पालकांच्या वर्गाला यायचं. मी सांगितलं, शनिवारी मला डेपोत... त्यांनी टॅबलेट उचलून माझ्यापुढे धरला आणि कोपरा दाबला.

शनिवारी जाणार आहे.

२८ फेब्रुवारी

लेबलसाहेबांना तोंडी सांगितलं, फॅन बेल्ट खिडकीशी आणतोय. ते म्हणाले, मग अक्षरांचं काय? मी म्हटलं, अक्षरं मागे ठेवू, ती कोणी मागत नाही. एवढं लांब वाक्य मी डेपोत कधी बोललो नव्हतो. फिटरने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बघतो म्हटलं. बघणार नाहीत. मी हलवलाच आहे.

मेहुणीला फोन केला. तिने विचारायच्या आधीच सांगितलं, जेवलो, भाजी केली होती. ‘नको’ ऐकवलं. ती म्हणाली, भाऊजी, जरा थांबा हं, आणि फोनपासून लांब जाऊन नाक शिंकरलं. मग म्हणाली, भाजी कुठली? मी म्हटलं, बटाटा. म्हणाली, तिखट जास्त झालं असणार. झालं होतं.

१ मार्च

सुट्टी. घर तसं रुळावर आलं आहे. ‘बाबा’ परत चार्जिंगपाशी, चप्पल आणि पंख्याच्या मधे. हरकत नाही. तिथे हात पोचतो.

संध्याकाळी गुंडी टॅबलेट घेऊन माझ्या मांडीत बसली. पहिला बॉक्स दाबला. मला याची कल्पना होती. शाळेतून आणल्यापासून तिने तो अजून दाबला नव्हता आणि मी तर नव्हताच.

हिने तिथे ‘ए आई!’ असं भरलं आहे. गुंडीने हाक मारावी तसं. त्याच्या मागे स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आहे, आणि लांबून एक माणूस ओरडतो आहे, अगं, माझा रुमाल कुठाय? तो मी. भरताना मी मधे बोललो होतो आणि हिने तसंच ठेवलं.

गुंडीने दुसरा बॉक्स दाबला. ‘पुन्हा.’

अंघोळ उघड म्हणजे हे होतं तर.

तिला सांगायला हवं होतं. इतक्या महिन्यांत कोणी सांगितलेलं नाही. सगळे म्हणाले होते, तिला काय कळतंय. त्या सगळ्यांत मी होतो. आज ठरवून बसलो. पण शब्द कुठला? मी पूर्ण बोर्ड बघितला. जवळात जवळचा ‘संपलं’. दुधाला, झोक्याला, टायमरच्या चकतीला आम्ही तेच म्हणतो. मी दाबलं, ‘आई’. मग दाबलं, ‘संपलं’.

दोन्ही हिच्याच आवाजात. ‘संपलं’ तर हिने फारच आनंदाने भरलं आहे.

गुंडीने विचार केला. ती विचार करते तेव्हा डाव्या हाताची बोटं हवेत हलतात. मग तिने दाबलं, ‘पुन्हा’.

मी ‘आई’ दाबलं. ए आई, झाकण, रुमाल. ती म्हणाली, पुन्हा. मी दाबलं. पुन्हा. दाबलं. नंतर नंतर ती पुन्हा म्हणायची थांबली होती, मीच दाबत होतो. तिने माझ्या शर्टाचं दुसरं बटण धरलं आणि पिळायला लागली. नवीन लावलेलं. एक पदरी दोऱ्याने लावलं होतं, टिकणार नाही.

मग तिने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. असं ती सहसा बघत नाही. एक बोट माझ्या गालावरून फिरवलं आणि ते ओलं बोट डोळ्यांसमोर धरून नीट तपासलं.

टॅबलेट माझ्या हातातून काढून घेतला. दोन बॉक्स दाबले.

‘बाबा. अंघोळ.’

हे चुकीचं होतं. मी सकाळीच केली होती. तसं सांगितलं तिला. तिने परत दाबलं, बाबा, अंघोळ.

मग उठलो आणि केली.